मधून बाहेर नांगरणारा माणूस

सर्जेराव खिलारे शेत मधून बाहेर नांगरायचा. बाकीचे सगळे ड्रायव्हर बाहेरून आत जायचे. गोष्ट एवढीच. पण एवढ्याशा गोष्टीवरून त्याचं नाव झालं, आणि मी त्याच्यावर किती जळलो ते माझं मला ठाऊक. अजून जळतो. तो आता त्याच्या माणदेशात लिंबाखाली खाट टाकून आडवा झाला असेल, आणि मी इथे वाळवंटात बसून त्याच्याबद्दल चांगलं लिहितोय. हेसुद्धा त्यालाच जमलं. माझ्याबद्दल कोण लिहिणार आहे?

मी आठवीत शाळा सोडली. लिहिण्याचा सराव म्हणाल तर पिवटच्या खांबावर खडूने तारीख टाकण्यापुरता. तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमची शेती तुमच्या डोळ्यांपुढे येते तशी नाही. रियाधजवळच्या अल खर्जच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत गेलं, की वाळूत हिरवी ताटं मांडून ठेवावीत तशी गोल गोल शेतं लागतात. प्रत्येक गोलाच्या मध्यावर एक खोल बोअर. त्या बोअरला चाकांवर उभा केलेला लांबलचक पाइप जोडलेला असतो. तो घड्याळाच्या काट्यासारखा शेतावरून फिरत राहतो आणि खाली लोंबणाऱ्या नोझलांतून पाणी शिंपडतो. त्याला म्हणायचं पिवट. त्याच्याखाली गहू व्हायचा. हो, वाळवंटात गहू. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला कोणीतरी फसवतंय असं वाटलं होतं.

बोअर आणि पिवट माझ्याकडे, ट्रॅक्टर सर्जेरावकडे. पाणी माझं, माती त्याची. खोली मात्र एक.

मी आलो तो मे महिन्यात. एजंटने कागदावर मला पंप ऑपरेटर केलं होतं. खरं तर गुहागरला एका दुकानात मी मोटारी भरायचो, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायची. इथले पंप बघून माझी जीभ टाळूला चिकटली. एकेक पंप आमच्या घराच्या पडवीएवढा. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा माणूस. तो मला काहीतरी विचारत होता, अर्धं अरबीत, अर्धं त्याच्या हिंदीत, आणि मी नुसता मान हलवत होतो. कोणत्या प्रश्नाला हो म्हणतोय तेही कळत नव्हतं. मुदीरच्या कपाळावर आठी चढायला लागली. मला तेवढ्यात परतीचं विमान दिसलं.

मागे एक ट्रॅक्टर उभा होता. त्यावरून आवाज आला, “मुदीर, ये आदमी पंप का बाप है! हमारे मुलुख का है!”

मुदीर हसला, “यल्ला”, म्हणजे चला, म्हणाला आणि निघून गेला. ट्रॅक्टरवरून जो उतरला तो उंच, काळा, मिशा पांढरट, डोक्याला अरबी रुमाल आणि रुमालाखाली बायकोने विणलेली लोकरीची टोपी. मे महिन्यात लोकरीची टोपी! विचारलं तर म्हणायचा, “बाहेरचं ऊन आत येत न्हाई, आन् आतली थंडी बाहेर जात न्हाई.” आतली थंडी कुठली, ते कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, “दादा, मला यातलं काही येत नाही हो.”

“मला तरी कुठं येतंय? कोकण्या, तू हाताळून बघ. फुटलं तर मी हाय.”

“तुम्ही काय कराल फुटलं तर?”

“भिजंन तुझ्यासंगं. आनि काय करनार?”

त्या आठवड्यात त्याने आपला खालचा, एसीच्या वाऱ्याचा पलंग मला दिला आणि स्वतः वरच्यावर चढला. मी नको नको म्हणत होतो. “गुडघं दुखत्यात, चढलं म्हंजी मोकळं हुत्यात,” म्हणाला. खोटं होतं. गुडघ्याला तेल लावताना मी त्याला कितीदा बघितलंय. त्याने ते एक वाक्य ट्रॅक्टरवरून टाकलं नसतं तर माझ्या घराला आज कौलं असती, स्लॅब नसता. हे मी विसरत नाही. विसरायची सोय असती तर बरं झालं असतं. ज्याचे उपकार आहेत त्याच्यावर मोकळेपणी जळताही येत नाही, जळताना सारखा धूर डोळ्यांत जातो.

आता नांगराचं सांगतो. गोल शेतात ट्रॅक्टर कडेने सुरू करायचा आणि गोल गोल फिरत आत जायचं, हे सोपं. मोठी वळणं, डिझेल कमी, वेळ कमी. सर्जेराव पाणंदीने आधी थेट मध्यावर जायचा, माझ्या बोअरपाशी. तिथून लहान लहान वळणं घेत, खांदे मोडत, बाहेर बाहेर यायचा. फोरमन आधी ओरडायचा, मग दमून गप्प बसला. कारण विचारलं की सर्जेराव म्हणायचा, “बाहेरनं आत गेलो तर पाखरू मधी मधी सरकतं. शेवटाला उरतो येवढासा तुकडा, समदी त्यात. मग उडायचं सुचत न्हाई त्यास्नी. मी त्यास्नी म्हंतो, बाबांनो, मी मधी येतो, तुमी बाहेर व्हा. पाव्हन्यानं दाराशी बसून घरच्यांस्नी अडकवू नये.”

पाखरू म्हणजे चंडोल. चिमणीएवढा, मातीच्या रंगाचा, डोक्यावर तुरा. कापणी झाल्यावर गव्हाची जी धसकटं उभी राहतात, त्यांत सांडलेले दाणे वेचतात आणि धसकटाच्या बुडाशीच जमिनीवर घरटं करतात. आमच्या हिरव्या ताटांभोवती दाही दिशांना वाळू. तेव्हा त्या बिचाऱ्यांनी जायचं तरी कुठे? असं मी आज म्हणतो. तेव्हा मला त्यांच्यात काही विशेष वाटत नव्हतं. चंडोल बघायला मी समुद्र ओलांडला नव्हता.

सर्जेराव मात्र त्यांच्याशी बोलायचा. त्यांना गावातल्या माणसांची नावं द्यायचा. तुरा फार ताठ असेल तो सरपंच. सारखी किचकिच करणारी ती त्याची चुलती. एक लंगडा होता, तो तलाठी, कारण “एका जागी सापडंल तर शपथ.” बरं, पाखरांचं याला फार कळत होतं म्हणावं तर तेही नाही. लहान दिसला की चंडोल, लांब पायांचा दिसला की टिटवी, याच्या पलीकडे त्याची विद्या नव्हती. एकदा रियाधहून कोणी मराठी डॉक्टर सहकुटुंब आले होते, गळ्यात दुर्बीण. त्यांना पक्षी बघायचे होते. मुदीरने त्यांच्याबरोबर कोणाला पाठवलं? सर्जेरावला. मी पाण्याचा जार धरायला.

डॉक्टरांनी एका पिवळट, लांब पायांच्या, तुरूतुरू धावणाऱ्या पाखराकडे बोट केलं. “हा कोण माहीत आहे का, मामा?”

“ह्यो टिटवीचा मावसभाऊ.”

डॉक्टर हसले. “अहो, हा धाविक. टिटवीचा याच्याशी काही संबंध नाही.”

“आसंल. पन लग्नाकार्याला ह्यो येतोच.”

डॉक्टरांच्या बायकोला हसू आवरेना. त्यांची इंग्रजी शाळेतली मुलगी, आईशीही हिंदीत बोलणारी, ती त्याला “मामा, और बताओ” म्हणत चिकटली. जाताना बाईंनी घरच्या चिवड्याचा डबा त्याच्या हातात दिला. मला म्हणाल्या, “तुम्ही दमलात का हो? उन्हात उभे होतात.” बस्स. चिवडा त्याने खोलीत सगळ्यांना वाटला, मला दोनदा. चांगला होता. तेच तर.

आणि घरचं सांगू? शुक्रवारी मी घरी फोन लावायचो. माझा मंगेश तेव्हा तिसरीत होता. एकदा सर्जेरावने सहज फोन माझ्या हातातून घेतला आणि पिवटच्या खाली नेऊन धरला. चंडोल वर आभाळात लटकून गात होता, आणि हा मंगेशला त्या लंगड्या तलाठ्याची गोष्ट सांगत होता. पुढच्या शुक्रवारी मंगेश पहिल्या वाक्याला म्हणाला, “बाबा, खिलारेकाकांना दे.”

“अरे, मी कसा आहे ते तरी विचार.”

“तू बरा आहेस ना? दे काकांना. तलाठी आज आलाय का विचारायचंय.”

मी फोन दिला. आणि एका बोअरवरून दुसऱ्या बोअरवर उगाच चालत गेलो. तिथे काही काम नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. गव्हाला आम्ही खत घालायचो ते सगळंच काही गहू खात नाही. काही मातीत उरतं. कापणीनंतर माती खारट होऊ नये म्हणून मुदीर शेतावर भरपूर पाणी सोडायला लावायचा. ते पाणी खाली जाताना उरलेलं खत बरोबर घेऊन जायचं. एका वर्षी चार नंबर बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलं. त्या बोअरचं पाणी गोठ्यातल्या वासरांना जायचं आणि आमच्या मेसच्या टाकीलाही. काही वासरं सुस्त पडली, ओठ निळे पडले. गुरांचा डॉक्टर आला, म्हणाला पाणी तपासा. तपासलं. मुदीरने मला बोलावलं.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, “शांताराम, बोअर तेरा. एक बार और खराब, बोअर बंद. बोअर बंद, तू खुरूज.”

खुरूज म्हणजे देशाबाहेर, कायमचं घरी. घराचा स्लॅब नुकता टाकला होता, अजून टेकू काढले नव्हते.

वरून नियम आला. कापणी झाली की शेत पडून राहू द्यायचं नाही. लगेच तव्याच्या कुळवाने वरवर माती हलवायची आणि चाऱ्याची ज्वारी पेरायची. मुळं ते उरलेलं खत ओढून घेतील, खाली जाणार नाही. मला नियम पटला. कोणालाही पटेल. पाणी प्यायचंय ना? मी तर मनात नियमाला हात जोडले.

मी मेसमध्ये जेवायला बसलो होतो, तेव्हा सर्जेराव आला तो रुमाल काढून, नुसत्या लोकरीच्या टोपीवर. असा तो फक्त रागावला की यायचा.

“शांत्या, चार नंबरात दुसऱ्या खेपंची अंडी हायती.”

“असू देत.”

“असू देत काय? कापनीच्या मशिनी बाहेरनं आत गेल्या, समदी पाखरं मधी रेटली. आता मधीच बसल्याती, तुझ्या बोअरच्या भवती. उडनारं पाखरू मी मधनं बाहेर हाकलंन. अंडं कसं हाकलू?”

“दादा, वासरं निळी पडली. ती दिसत नाहीत तुम्हाला?”

“खत काय चंडोलांनी टाकलं व्हय रं?”

“मग मी टाकलं का? मी पाणी देतो, दुसरं काय करतो? तुमचं काय जातंय, तुमचा ट्रॅक्टर आज इथे, उद्या तिथे. मला विमानात बसवतील!”

“बसवू देत की. मीबी येतो संगं. बोंबील खायला घाल.”

“चेष्टा नका करू!” माझा आवाज फाटला. मेसमधली माणसं बघायला लागली. “तुम्हाला सगळं हसण्यावारी नेता येतं. सगळ्यांना तुम्ही हवे असता. मुदीरला तुम्ही हवे, डॉक्टरांना तुम्ही हवे, माझ्या पोराला तुम्ही हवे. मला फक्त हा बोअर आहे!”

सर्जेराव गप्प झालेला मी त्या दिवशी प्रथम बघितला, आणि खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं. मग तो आणखी चिडला. जाता जाता दारातून म्हणाला, “येवढं भ्या वाटतंय पान्याचं, तर पानीच नगं देऊ की मधी! तुझ्याच हातात हाय न्हवं कॉक?”

तो टोमणा होता. पण मी जेवायचा थांबलो. पाणीच नको देऊ.

इथे पाऊस नाही. खताला खाली नेतं ते माझंच पाणी. पाणी दिलं नाही तर खत आहे तिथेच बसेल, मातीत, कोरडं. पिवटला नोझलं असतात ती एकेक सुटी. मध्याजवळच्या नोझलांना बुचं मारली तर पिवट फिरत राहील, बाहेरचा भाग भिजेल आणि मधला कोरडा राहील. बोअर तर मध्यावरच. म्हणजे बोअरच्या भोवतीच कोरडं. अंडीही तिथेच. आतला भाग दिसायला मोठा, पण गोलाचं असं असतं की जमीन सगळी कडेला असते. मध्याचा तुकडा सोडला तरी ज्वारी फारशी कमी होणार नव्हती.

मी ताट तसंच टाकून त्याच्यामागे गेलो. सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग माझ्या पाठीत असा रट्टा मारला की माझा घास वर आला. “आरं कोकण्या! डोस्कं हाय की तुला!”

दोघं मुदीरकडे गेलो. मी समजावायला लागलो तर माझी हिंदी अडखळायला लागली. नेहमीप्रमाणे सर्जेरावने बोलणं हातात घेतलं. जमिनीवर काठीने गोल काढला, मध्ये बोअर, बाहेर ज्वारी, आत तीन ठिपके, ती अंडी. मुदीरने काठी मागितली आणि आतला भाग स्वतः थोडा लहान करून दाखवला. मग म्हणाला, “पिल्ला उडा, खलास, अंदर भी नांगर, अंदर भी ज्वारी. ठीक? पानी का रिपोर्ट खराब, दो खुरूज.” त्याने आधी माझ्याकडे बोट केलं, मग सर्जेरावकडे. जाता जाता हसून म्हणाला, “सरजा, तू मजनून.” मजनून म्हणजे वेडा. मला तो कधी वेडासुद्धा म्हणाला नव्हता.

बुचं मी मारली. शिडी लावून, चढून, एकेक नोझल काढून. पाइप तापून असा असायचा की हातमोज्यातून चटका बसायचा. सर्जेराव खाली शिडी धरून उभा. “सावकाश रं. तू पडलास तर तुझी शेवा कराया मला वरचा पलंग सोडाया लागंल.”

बाहेरच्या भागात त्याने कुळव घातला, अर्थात आतल्या कडेपासून बाहेर. आणि तिथे घोळ झाला. सगळी अंडी मध्ये आहेत असं तो छातीठोक म्हणाला होता. तर बाहेरच्याच भागात एक चंडोलीण धसकटाखालून भुर्रकन उडाली. त्याने ट्रॅक्टर थांबवला. पुढच्या चाकासमोर घरटं. झालं! परातीएवढी जागा सोडून त्याने कुळव उचलला, पुढे जाऊन टेकवला. नांगरलेल्या शेतात ते परातीएवढं बेट राहिलं. पण तो भाग कोरडा नव्हता. तिथे माझी नोझलं चालू होती.

पेरणी झाली, मी पिवट सुरू केला. काटा फिरत फिरत त्या बेटाकडे यायला लागला. सर्जेराव म्हणाला, “चल, बघू.” आम्ही दोघं नांगरटीच्या कडेला पालथे झोपलो. तो पंचेचाळिशीचा, मी पस्तिशीचा, दोघं घोरपडीसारखे. पाणी आलं. आधी तुषार, मग सरळ धारा. चंडोलीण उठली नाही. तिने पंख जरा सैल करून दोन्ही बाजूंनी घरट्यावर टेकवले आणि बसून राहिली. तिचा तुरा भिजून डोक्याला चिकटला. अगदी न्हालेल्या पोरीसारखी दिसत होती. पाणी तिच्यावरून गेलं, पुढे सरकलं. तिने अंग झाडलं. तुरा पुन्हा उभा.

घराची आठवण म्हणा, काय म्हणा, मी तोंड फिरवलं.

सर्जेराव म्हणाला, “बघ. तुझ्या पान्याला कुत्रंबी भीत न्हाई.”

मी इतका हसलो की नाकात माती गेली. इथे आल्यापासून असा हसलो नव्हतो. त्याचं नाव मी त्या दिवशी घरी फोनवर स्वतःहून घेतलं. मंगेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकांनी किती छान केलं ना!”

बुचं मी मारली होती, राजा.

पाण्याचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवसांत मला जेवण जाईना. टाकीजवळ जाऊन पाण्याचा वास घ्यायचो, जणू वासाने कळणार होतं. सर्जेराव मेसमध्ये माझ्यासमोर त्याच टाकीचा ग्लास भरून गटागटा प्यायचा. “बघ, निळा झालो का?” तो इतका काळा की निळा झाला असता तरी कळलं नसतं, आणि मी ते त्याला म्हटलं. त्यानेही ते सगळ्या मेसला सांगितलं, जणू त्याचाच विनोद.

रिपोर्ट आला. नायट्रेट उतरलं नव्हतं, पण वाढलंही नव्हतं. “उतरायला वेळ लागतो, वाढलं नाही हे पुष्कळ,” असं तपासणाऱ्या माणसाने सांगितलं. वासरांना तोपर्यंत दुसऱ्या बोअरचं पाणी जोडलं होतं. ती सावरली. मुदीरने सगळ्यांसमोर सर्जेरावच्या खांद्यावर हात टाकला. तेव्हापासून चार नंबरला लोक ‘सर्जाचा गोल’ म्हणायला लागले. पाकिस्तानी ड्रायव्हर, बंगाली हेल्पर, सगळे. मुदीरसुद्धा.

तुम्ही म्हणाल, सर्जेरावने सांगितलं नाही का? सांगितलं! तेच तर दुखणं. तो भर लोकांत म्हणाला, “मुदीर, दिमाग शांताराम का. मैं तो सिर्फ शिडी पकडा.” आणि सगळ्यांना वाटलं, बघा, केवढा मोठा माणूस, दुसऱ्याला मान देतो. मुदीरचे डोळे पाणावले म्हणे. खरं बोलूनही मान त्यालाच मिळाला. मी काय करणार? मी टाळ्या वाजवल्या.

पिल्लं उडाली. मग सर्जेरावने मधला भागही नांगरला, ज्वारी पेरली आणि मी बुचं काढली. पुढची दोन-तीन वर्षं हेच चाललं. कापणी झाली की मी विचारायच्या आधी तो यायचा. “पानीवाल्या, बुचं काढ पेटीतनं.” बेटं सोडायचा, आता एकदोन जास्तच. मुदीर बघून न बघितल्यासारखं करायचा. चार नंबरचं पाणी हळूहळू उतरायला लागलं. मी रिपोर्ट त्याला वाचून दाखवायचो. तो डोळे मिटून ऐकायचा, गोष्ट ऐकावी तसा. त्याच्या पाखरांना माझं पाणी आडवं आलं होतं, पण त्याने पाण्याचा राग कधी धरला नाही. मी मात्र पाखरांचा थोडा धरून होतो.

मग गव्हाचेच दिवस संपत आले. वाळवंटाखालचं पाणी गव्हात घालणं परवडणार नाही, सरकार हळूहळू गहू घेणं बंद करणार, अशी बातमी आली. आमच्या मालकाने चाऱ्यावर आणि गुरांवर भर द्यायचं ठरवलं. चारा एकदा लावला की वर्षानुवर्षं कापायचा, तेव्हा इतके ट्रॅक्टरवाले कशाला? पाणी मात्र लागणारच. मी राहिलो. सर्जेरावला खुरूज लागला.

माणसाचं मन बघा. ज्या शब्दाला भिऊन माझी झोप उडाली होती, तो शब्द त्याच्या वाट्याला आला, आणि मला त्याचाही हेवा वाटला. तो घरी जाणार होता. त्याच्या अंगणात लिंब होता, माळ होता, लेकीचं लग्न ठरलं होतं. मी त्याला म्हटलं, “दादा, बरं झालं तुमचं.” तो पलंगावरून खाली वाकून म्हणाला, “व्हय. आता एसीचा वारा समदा तुझा.” सगळा वारा माझाच होता आधीपासून.

निघायच्या दिवशी बस सकाळी यायची होती. पेटी त्याने आदल्या दिवशीच पाणंदीच्या कडेला, चार नंबरच्या फाटकाशी नेऊन ठेवली. मी म्हटलं, बस तर ऑफिसपाशी येते. “मी बोललोय ड्रायव्हरशी,” म्हणाला. उजाडल्यावर बघतो तो हा ट्रॅक्टरवर. चार नंबरात गव्हाची शेवटची धसकटं उभी होती. तिथे चारा लावायचा होता. दुसरा कोणीही ते नांगरू शकला असता. घाईही नव्हती. पिल्लं केव्हाच उडून गेली होती, अंडं एकही उरलं नव्हतं. तरी तो पाणंदीने सरळ मध्यावर गेला, माझ्या बोअरपाशी. मी तिथेच होतो. त्याने हात केला नाही, वळणाकडे लक्ष होतं. कुळव टेकवला आणि सुरू झाला.

बोअरला वळसा. मग त्याहून मोठा वळसा. मग त्याहून मोठा. प्रत्येक फेरीला तो माझ्यापासून थोडा लांब जात होता आणि तरी पुन्हा समोर येत होता. त्याच्यापुढे चंडोल उठत होते, थोडं उडून बाहेरच्या धसकटांत बसत होते, तो जवळ आला की पुन्हा उठत होते. कोणाला घाई नव्हती. इंजिनाच्या वर त्याचा आवाज ऐकू यायचा. सरपंचाला काहीतरी सांगत होता, चुलतीला दटावत होता. शेवटी शेवटी नुसती लोकरीची टोपी दिसायची, आणि मागे धूळ.

शेवटची फेरी फाटकाशी संपली. बरोबर तिथेच बस उभी होती. बाहेरून आत नांगरत गेला असता तर माझ्यापाशी येऊन थांबला असता. तो नांगरत नांगरत बाहेर पडला. ट्रॅक्टर बंद केला, किल्ली हेल्परच्या हातात दिली, पेटी उचलली, चढला.

मी धावलो. नांगरलेल्या ढेकळांतून, चपला घालून, सगळा गोल तुडवत. माझ्याजवळ त्याला द्यायला आईने पाठवलेल्या आमसुलांची पुडी होती. ती खिशातच राहिली. अर्ध्यावर असताना बस हलली. त्याने खिडकीतून टोपीचं डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, “शांत्या! चार नंबरचं पानी बघत जा रं!”

पाणी! जन्मभर पाखरं, पाखरं, आणि जाताना पाणी. मी ओरडलो, “पाखरं बघतो!” त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

आता इथे एक नवा बिहारी ड्रायव्हर आहे, पोरगेला. परवा ज्वारीच्या शेतात कडेने आत चालला होता. मी हात करून थांबवला आणि मध्यावर जाऊन सुरू कर म्हणून सांगितलं. त्याने विचारलं, “ये किसका नियम है, चाचा?”

“मेरा,” मी म्हटलं.

म्हटलं खरं. पण त्याचा ट्रॅक्टर मधून बाहेर फिरायला लागला, तसे ढेकळांवरून चंडोल उठले, आणि मला ती बस दिसली. सर्जेरावने खिडकीतून हात हलवला होता. बराच वेळ, फाटक दिसेनासं होईपर्यंत. तोंड मात्र त्याचं शेताकडे होतं, आणि शेतात मी होतो, आणि चंडोलही होते. तो हात कोणाला होता, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला होता, असं मी धरून चाललोय.